‘मनुष्यबळ’ या ओळीत बायका किती?

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची आकडेवारी सांगते की, सरकारी अनुदानाच्या संशोधन प्रकल्पांत बायकांचा वाटा २०००-०१ मध्ये १३ टक्के होता, तो २०१८-१९ मध्ये २८ टक्के झाला. आनंदच आहे. पण घरोघर फिरून प्रश्नावल्या भरणाऱ्या, प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या कंत्राटी मुलींचं काय? सरकारला द्यायच्या खर्चाच्या हिशेबात ‘मनुष्यबळ’ अशी एक ओळ असते, पुढे नुसते रुपये. फेलोशिपवरच्या मुलींना नियमाने बाळंतपणाची रजा आहे. ती मिळाली किती जणींना, मुदतीआधी सोडून गेल्या किती, हे त्या रुपयांवरून कळायचं कसं? खुर्च्या-संगणकांची मात्र यादी ठेवावी लागते! तुमच्यापैकी ज्या अशा प्रकल्पांवर आहेत, त्यांनी पुढच्या अहवालाला हा तक्ता जोडायचा आग्रह धरावा.