विजेचा हिशेब आपल्या वहीत

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेचा विषय फलकावर लागला तेव्हा दोघाचौघांनी आम्हाला विचारले, की सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावर लाईट बिलाचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग मुद्द्याकडे वळतो.

आपला लढा भावनेचा आहे तितकाच आकड्यांचाही आहे. पाटसकर निवाड्यातील ‘खेडे हा घटक’ हे तत्त्व आपल्याला तोंडपाठ आहे. कोणत्या गावात मराठी बोलणारे किती, कोणते गाव कोणत्या गावाला लागून, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी शिरगणतीच्या पुस्तकांतून काढून कागदावर मांडले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तोही अशाच कागदांच्या आधारावर. ज्याच्याकडे स्वतःची नोंद आहे, त्याला कोणी सहज उडवून लावू शकत नाही, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. मग आपल्याच घरातील विजेची नोंद मात्र आपण पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती का सोडावी? येथे खेड्याऐवजी घर हा घटक धरायचा आहे, एवढाच फरक.

आता योजनेकडे येऊ. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना २०२३ साली सुरू झाली. ‘दोनशे युनिट फुकट’ असे तिचे वर्णन सगळीकडे होते आणि बहुतेकांच्या डोक्यात तेवढेच बसले आहे. प्रत्यक्ष नियम थोडा वेगळा आहे. २०२२-२३ या वर्षातील आपल्या घराची महिन्याची सरासरी काढली गेली आणि तीत दहा टक्के वाढ धरून आपला हक्काचा आकडा ठरला. ज्यांची सरासरी ४८ युनिटांच्या आत होती, त्यांना दहा टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट वाढवून देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. हक्काच्या आकड्यापर्यंत बिल शून्य. त्याच्या पुढे गेलात पण २०० च्या आत राहिलात, तर वरच्या युनिटांचेच पैसे. आणि २०० ओलांडले, तर त्या महिन्याचे सगळे बिल आपल्याला भरावे लागते.

उदाहरण घेऊ. समजा एका घराची सरासरी १५० युनिट होती. दहा टक्के धरून त्यांचा हक्क १६५ युनिटांचा झाला. हिशेबाला सोपे जावे म्हणून युनिटचा दर ६ रुपये धरू. आपापल्या बिलावर जो दर असेल तो घालून घरी पुन्हा गणित करा. एप्रिलमध्ये त्या घरात १९० युनिट जळले. वरच्या २५ युनिटांचे १५० रुपये झाले. मे महिन्यात पाहुणे आले, पंखे रात्रंदिवस फिरले आणि आकडा २०४ वर गेला. आता पूर्ण २०४ युनिटांचे १२२४ रुपये, शिवाय स्थिर आकार आणि कर वेगळे. केवळ १४ युनिटांनी हजारापेक्षा जास्त रुपयांचा फरक पाडला. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला किंवा वडगाव-शहापूरच्या विणकराच्या घराला हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे.

हे १४ युनिट म्हणजे किती, हेही समजून घेऊ. टीव्ही आणि त्याच्या सेटटॉप बॉक्सने रिमोटने बंद केल्यावरही मिळून २० वॅट ओढले आणि भिंतीवरचे बटण कोणी दाबलेच नाही, तर २० वॅट गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे १४.४ युनिट. कोणी पाहत नसताना, कोणी वापरत नसताना तेवढी वीज जाते. अशा कारणाने कोणाचे शून्य बिल बुडाले, तर त्या घराला त्याचा पत्ताही लागणार नाही. वीज कुठे गेली हे बिल सांगत नाही. ते फक्त बेरीज सांगते.

ही बेरीज फोडून पाहण्याचे साधन आज बाजारात मिळते. त्याला स्मार्ट प्लग म्हणतात. स्मार्ट मीटर आणि स्मार्ट प्लग यांत गल्लत करू नका. मीटर वीज कंपनीचा, बिलासाठी लावलेला. प्लग आपण विकत घेतलेला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा प्लग घालायचा आणि त्याच्यात फ्रीजची किंवा टीव्हीची पिन घालायची. मधून जाणारी वीज तो मोजतो आणि या क्षणी किती वॅट, आज किती युनिट, महिन्यात किती, हे मोबाईलवर दाखवतो. घेताना त्यात वीज मोजण्याची सोय आहे ना, हे विचारून घ्या. काही प्लग नुसते चालू-बंद करतात. ज्यांच्या घरी वायफाय नाही, त्यांच्यासाठी लहान पडदा असलेले साधे प्लग-मीटरही मिळतात. त्यावर आकडा तेथल्या तेथे वाचता येतो.

येथे सावधगिरीची एक गोष्ट. प्लगवर ६, १० किंवा १६ अँपिअर असे लिहिलेले असते. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. गिझर, पाण्याची मोटर, एसी यांच्यासाठी १६ अँपिअरचाच प्लग हवा. लहान प्लगला मोठे यंत्र लावले तर तो तापतो, वितळतो. न्हाणीघरात पाणी उडते अशा जागी प्लग लावूच नका. आयएसआय खूण पाहून, पावती घेऊन खरेदी करा.

मंडळाच्या काही घरांतून आम्ही असा प्लग फिरवला. तेव्हा ध्यानात आले, की घरात ज्या यंत्राचा आवाज मोठा, त्यालाच आपण खर्चिक समजतो. मिक्सर सुरू झाला की आजोबा ओरडतात. पण साडेसातशे वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटे चालला तरी महिन्याला पावणेचार युनिट होतात. घरघंटी एक अश्वशक्तीची असली आणि आठवड्यातून तासभर चालली, तरी तिचाही खर्च साधारण तेवढाच. उलट माडीवरचा जुना ७५ वॅटचा पंखा मुकाट्याने रोज १५ तास फिरतो आणि महिन्याला पावणेचौतीस युनिट घेतो. त्याच्या जागी ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा बसवला, तर साडेतेरा युनिट लागतात. एका पंख्यामागे २० युनिट वाचले. मघाच्या उदाहरणातील घराला एवढा एक पंखा पुरला असता.

गिझरचेही असेच. पंधरा लिटरची टाकी साध्या नळाच्या पाण्यापासून चांगली कढत करायला साधारण पाऊण युनिटापर्यंत वीज लागते. आपल्या बेळगावच्या थंडीत आणि लांबलेल्या पावसाळ्यात चार माणसांच्या घरी दिवसाला तीन टाक्या झाल्या, तर महिन्याला साठ-पासष्ट युनिट होतात. येथे बचतीचा मार्ग म्हणजे अंघोळी पाठोपाठ उरकणे आणि गिझर तासन्‌तास चालू न ठेवणे. ज्यांच्याकडे अजून बंब आहे, त्यांनी तो मोडीत काढण्याची घाई करू नये.

फ्रीजला मात्र एक दिवस मोजून चालत नाही. त्याचा कॉम्प्रेसर थांबत-चालत राहतो. सात दिवस प्लग लावून ठेवा, आकड्याला सातने भागा आणि तीसने गुणा. फ्रीजवर चिकटवलेल्या तारांकित पट्टीवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. तुमचा आकडा त्याच्या फार वर गेला, तर दाराचे रबर सैल झाले आहे का, मागची जाळी धुळीने भरली आहे का, हे पाहा.

छतावरचे पंखे, दिवे, विहिरीवरची मोटर यांना पिन नसते. तेथे प्लगचा उपयोग नाही. त्यासाठी बिनपैशाची युक्ती आहे. आपल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. पाटीवर ‘आयएमपी’ या अक्षरांजवळ १६०० किंवा ३२०० असा आकडा असतो. म्हणजे तितक्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट झाले. घरातील बाकी सगळे बंद करून एकच यंत्र चालू ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. ३२०० च्या मीटरवर ७५ वॅटचा पंखा चालू असेल, तर दिवा मिनिटाला ४ वेळा लुकलुकेल. सगळी बटणे बंद, सगळ्या पिना काढलेल्या, तरीही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये काहीतरी गडबड असण्याची शक्यता आहे. जाणत्या वायरमनला बोलवा, स्वतः हात घालू नका.

आता वहीबद्दल. शंभर पानी साधी वही घ्या. रीडिंग ज्या तारखेला होते, त्या तारखेपासून आपला महिना मोजा, कॅलेंडरच्या एक तारखेपासून नको. दर रविवारी सकाळी मीटरचा आकडा लिहा. दुसऱ्या आठवड्याअखेर १०० च्या पुढे गेलो असू, तर उरलेल्या पंधरा दिवसांत हात आखडता घ्यायचा, हे घरातल्या सगळ्यांना कळेल. प्लगचे आकडे त्याच वहीत शेजारच्या रकान्यात लिहा. हे काम शाळेतल्या मुलांना द्या. गुणाकार-भागाकारही होतील.

येथून आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा सुरू होतो. आपल्या हाती येणाऱ्या बिलावर मराठी नाही. मुलांना शाळेत कन्नड शिकवले जाते, ती वाचून सांगतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण येळ्ळूरच्या किंवा कंग्राळीच्या एकट्या राहणाऱ्या आजींनी काय करायचे? आकडे त्यांना वाचता येतात. आकड्यापुढचे शब्द अडतात. हक्क किती, वापर किती, थकबाकी आहे की नाही, हे त्या शेजाऱ्याला विचारतात आणि तो सांगेल ते खरे मानतात. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाची सरकारी माहिती त्यांच्या भाषेत द्यावी, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेले संरक्षण आहे. ते कागदावरून घरापर्यंत आणण्यासाठी आपण वर्षानुवर्षे झगडतो आहोत. निवेदनांत रस्त्यावरच्या पाट्या असतात, सातबारा असतो. त्यात लाईट बिलही यायला हवे.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? तसे मुळीच नाही. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते, की कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठी या राज्यात वापरात आहे, हे कोणी नाकारू शकत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या ४२ व्या कलमाने प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच नेमणे बंधनकारक केले आहे आणि त्याच्या वर लोकपालाची सोय आहे. म्हणजे मराठीत तक्रार लिहिण्याचा हक्क आहे आणि ती देण्याची जागाही आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा कमी पडतो तो मजकूर. ‘बिल जास्त आले’ एवढेच लिहिलेले पत्र टेबलावर पडून राहते. ‘अमुक रविवारी मीटरचा आकडा इतका होता, पुढच्या रविवारी इतका, आणि बिलावर इतका दाखवला आहे’ असे लिहिलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागते. प्लगचा आकडा कायद्याच्या दृष्टीने मीटरची जागा घेत नाही, हे ध्यानात असू द्या. पण मीटर तपासून मागताना तो आपल्या बोलण्याला वजन देतो.

एक इशाराही देतो. वायफायवर चालणाऱ्या प्लगची माहिती तो बनवणाऱ्या कंपनीकडेही जाते. घरातील माणसे कधी उठतात, घर कधी रिकामे असते, हे विजेच्या वापरावरून कळू शकते. पासवर्ड कोणाला देऊ नका. मोजणी झाली की प्लग काढून ठेवा. तो स्वतःही थोडी वीज खातोच. मंडळाकडे हिशेब द्यायचा की नाही, हे प्रत्येक घराने आपले आपण ठरवावे. जबरदस्ती नाही.

शेवटी आमचा प्रस्ताव. असा प्लग हजार रुपयांच्या आसपास मिळतो. प्रत्येक घराने तो घेण्याची गरज नाही. मंडळाने १६ अँपिअरचे दोन प्लग आणि पडद्याचे दोन प्लग-मीटर घ्यावेत आणि वाचनालयातील पुस्तकांसारखे नोंदवहीत सही घेऊन पंधरा-पंधरा दिवसांसाठी घरोघरी द्यावेत. सुरुवात २०० च्या काठावर असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांपासून करावी. दोन तरुण कार्यकर्त्यांनी सोबत जाऊन बिल वाचून दाखवावे, वही घालून द्यावी आणि गरज असेल तेथे मराठीत अर्ज लिहून द्यावा. बिल मराठीत मिळावे या मागणीचे निवेदन आपण करूच. त्याला या वह्यांतील, घरच्यांच्या संमतीने घेतलेले आकडे जोडू.

ठराव आपल्यासमोर ठेवला आहे. चर्चा करा, सुधारणा सुचवा आणि पटला तर मंजूर करा. ज्यांना पहिल्या फेरीत प्लग हवा आहे, त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे नाव नोंदवावे. येताना मागच्या दोन महिन्यांची बिले घेऊन या.

जय महाराष्ट्र!