लहर परत फिरते तेव्हा



आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. विज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार तो किती! तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आम्ही शाळकरी पोर होतो, नांदेडला होतो. फडताळातली भांडी खडखडली आणि सारी गल्ली रस्त्यावर आली. किल्लारीची बातमी नंतर कळली. मोठी माणसे म्हणत, देवाचा कोप झाला. जमीन हलली कशी, घरे पडली का, हे मात्र कोणी सांगितले नाही. ते आम्ही पुढे वाचून समजून घेतले. त्याची सुरुवात साध्या आरशापासून होते.

कॅरमची सोंगटी ज्या कोनात कडेला लागते, साधारण त्याच कोनात परत फिरते. प्रकाशाचाही नियम तोच. मग आरशात तोंड दिसते आणि चुना दिलेल्या भिंतीत का दिसत नाही? भिंतही प्रकाश परत पाठवतेच, म्हणून तर ती पांढरी दिसते. पण प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी बारीक. तिच्यापुढे भिंतीचा खडबडीतपणा म्हणजे डोंगरदऱ्याच. प्रत्येक किरण वेगळ्या दिशेला उडतो आणि चित्र विस्कटते. गोदावरीच्या घाटावर वारा सुटला की पाण्यातल्या झाडाचे असेच होते.

आवाजाची लहर मात्र हातभरापासून काही मीटर लांब असते. तिला तीच भिंत गुळगुळीत वाटते. म्हणून किल्ल्याच्या ओबडधोबड तटासमोर हाक मारली तरी प्रतिध्वनी स्वच्छ येतो. तट किमान सतरा मीटर दूर हवा, एवढेच.

तर मित्रहो, एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो, तिथे लहरीचा काही भाग पुढे जातो आणि काही परत फिरतो. पोटातल्या बाळाचे चित्र सोनोग्राफीत याच तत्त्वावर उमटते. जमिनीवर धक्का देऊन, परत आलेल्या लहरीला किती वेळ लागला ते मोजून, खालचे थरही ओळखता येतात. किल्लारीला पुढे शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण लागला आणि त्याखाली फार जुना, वेगळा खडक.

आता त्या पहाटेकडे वळू. वेळ ३ वाजून ५६ मिनिटे. खालून आलेली लहर जमिनीच्या पृष्ठभागाशी पोचली. वर फक्त हवा. हवेत ती जवळजवळ शिरतच नाही, सारी परत फिरते. येणारी आणि परतणारी लहर पृष्ठभागावर एकत्र येतात. सरळ खालून आलेली लहर असेल तर खडकात जेवढी हालचाल, तिच्या सुमारे दुप्पट वर होते. कठीण खडकावर मऊ मातीचा थर असेल, तर लहर त्या थरात अडकून खालीवर परतत राहते आणि हादरा आणखी वाढतो. आपली घरे नेमकी याच पृष्ठभागावर उभी असतात.

ती घरे कशी होती? दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थराला सांधणारे आडवे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. थर सुटले, माळवद झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. त्यात कोणाचा कोप नव्हता आणि कोणाचे पापही नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, लहरीला अडवणे आपल्या हाती नाही. भिंत बांधून घेणे आहे. उद्या तुमच्या घराचे काम निघेल, तेव्हा मिस्त्रीला विचारा: आडवे दगड किती अंतरावर घालणार? भिंतींना चारही बाजूंनी बांधणारा सिमेंट-सळईचा पट्टा टाकणार की नाही? तो म्हणेल, पोरा, तुला काय कळते? तरी विचारा. आमच्या लहानपणी हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.