हंसाचं पिलू आणि वारीची वाट

माउली, हंसाची गोष्ट आपण नीरक्षीरापाशीच थांबवतो. आज थोडं पुढं चला. तिकडं आइसलँड देशात रानहंस आहेत. मादी सुमारे 35 दिवस अंडी उबवते, नर राखण करतो. पिलू निघतं ते राखाडी! तीनेक महिन्यांत पंखांत बळ येतं, आणि हिवाळ्याआधी ब्रिटन-आयर्लंडकडं उडायचं. मध्ये सुमारे 800 किलोमीटर समुद्र! पिलाला वाट कोण दाखवतं? आई-बाप संगती घेऊन उडतात, हिवाळाभर जवळ ठेवतात.

आणि आपण? शाळा बुडेल म्हणून लेकरू घरी ठेवतो. उद्या पताका कोण घेणार? माउली, वाट सांगून कळत नाही, संगती चालून कळते. रविवार बघून एक मुक्काम तरी त्याला चालवा. बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!