पाऊस कमी कीं पाट कमी?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीं नांदेड जिल्ह्यांतील एका तांड्याच्या शाळेंत झालेलें भाषण)



आज १७ सप्टेंबर. १९४८ सालीं याच दिवशीं निजामी संपली. झेंडावंदन झालें, मुलांना खाऊ मिळाला. आतां आम्हां शिक्षकांना जें दरसाल खुपतें तें बोलूं द्या. दिवाळी झाली कीं शाळेंतील वर्ग ओस पडतात. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांच्यामागून पोरें जातात. विचारलें तर तुम्ही म्हणतां, "गुरुजी, इकडे पाऊस नाहीं अन् नशीबही नाहीं."

पावसाचेंच आधीं पाहूं. ज्या नगर जिल्ह्यांत तुम्ही ऊस तोडावयास जातां, तेथें नांदेडपेक्षां पाऊस कमी पडतो. मग तेथें ऊस आणि येथें कोयता, असें कां? प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालींच झालें. पाट आले, पाटामागून ऊस आला, आणि १९५० सालीं प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. इकडे मांजरा नदी लातूर जिल्ह्यांतून वाहते. निजाम सरकारनें तिच्यावर १९३१ सालीं मोठें धरण पुरें केलें, पण तें खालीं निजामाबादकडे. राज्य एक, नदी एक; पाट मात्र तिकडे! पुढें २०१६ सालीं लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें.

१९५३ च्या नागपूर करारानें लोकसंख्येच्या प्रमाणांत खर्चाचें वचन दिलें. १९८४ सालीं दांडेकर समितीनें हिशेब मांडला, तेव्हां मराठवाड्याचा अनुशेष निघालाच.

पण हें अर्धेंच उत्तर झालें. पाणी जमिनीमागें जातें. बंजाऱ्यांचा बैलांच्या पाठीवरील धान्यमिठाचा व्यापार आगगाडीनें बुडविला. तांडे माळावर वसले. तेथें पाट चढत नाहीं.

आणि कागद पाहा. १९५६ सालीं हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तोच बंजारा आज तेलंगणांत अनुसूचित जमात, कर्नाटकांत अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रांत विमुक्त जाती! मामाच्या पोराला एक सवलत, आत्याच्या पोराला दुसरी. २०२५ सालीं यावर बंजाऱ्यांचे मोर्चे निघाले, आदिवासी बांधवांनीं उलट मोर्चे काढले. दोन उपाशी एका भाकरीवर भांडतात, तेव्हां ती भाकरी लहान कोणीं केली हें कोणी पुसत नाहीं.

तेव्हां नशिबाला बोल लावूं नका. धरण कोठें बांधावें आणि कोणाला कोणत्या यादींत घालावें, हें माणसांनीं ठरविलें. माणसांनीं ठरविलेलें माणसांना बदलतां येतें. पण त्यासाठीं तो कागद वाचतां आला पाहिजे.

मुकादमाची उचल तुम्हां नवराबायकोच्या कोयत्यावर असते, पोराच्या पाटीवर नव्हे. पोरें मागें ठेवा. आजाआजी असतील तर त्यांच्यापाशीं. नसतील तर हंगामी वसतिगृहाची मागणी आपण आतांच करूं. आजवर आम्हीं हजेरीपटावर 'स्थलांतरित' असें लिहून हात झटकले, ती चूक आमची. यंदा ती होणार नाहीं. अर्ज आम्ही लिहितों, सह्या तुम्ही करा. उठण्यापूर्वीं पोरांचीं नांवें द्या.