विजेवरची मोठी गाडी घेताना : हॅरियर की एक्सईव्ही?

(रेडिओवर प्रसारित झालेले भाषण)



घरात मोठी गाडी घ्यायचं ठरलं की प्रत्येकाचं मत तयार असतं. मुलांना मोठे पडदे हवे असतात, आजींना चढायला-उतरायला सोपी गाडी हवी असते आणि बँकेचा हप्ता कोणाच्या पगारातून जाणार हे ज्याला ठाऊक असतं, तो गप्प असतो. त्यातून ती गाडी विजेवरची असेल तर आणखी एक प्रश्न येतो : वाटेत चार्जिंग संपलं तर? हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या भीतीने किंवा जाहिरातीच्या भरात पंचवीस-तीस लाखांचा निर्णय होऊ नये, म्हणून आज दोन गाड्या शेजारी-शेजारी ठेवून बघू. एक टाटांची हॅरियर ईव्ही आणि दुसरी महिंद्रांची एक्सईव्ही नाइन-ई. दोन्ही आपल्या पुणे परिसरातच तयार होतात. हॅरियर टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात, तर एक्सईव्ही चाकणला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या दोनपैकी कोणतीही गाडी वाईट नाही. त्यामुळे निवड तुमच्या पार्किंगवरून आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यांवरून करा.

प्रथम जिथे दोघी बरोबरीच्या आहेत, ते बाजूला काढू. पहिली गोष्ट सुरक्षिततेची. भारत एनकॅपच्या चाचणीत दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले आहेत. मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२ गुण आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४५ गुण, दोघींनाही अगदी सारखे. दुसरी गोष्ट बॅटरीची. दोन्हीकडे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी आहे. ही बॅटरी वजनाने थोडी जड पडते, पण उष्णतेत अधिक स्थिर राहते आणि वर्षानुवर्षं चार्ज-डिस्चार्ज सोसते. विदर्भाचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. तिसरी गोष्ट हमीची. दोन्ही कंपन्या खासगी वापराच्या गाडीच्या पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन हमी देतात. मात्र 'आजीवन' म्हणजे किती वर्षं आणि गाडी विकल्यावर त्या हमीचं काय होतं, हे हमीपत्रात वाचूनच सही करा. सुरक्षा, बॅटरीचा प्रकार आणि हमी या तीन मुद्द्यांवर घरात वाद घालण्याचं कारण उरत नाही.

आता रेंज. एक्सईव्ही दोन बॅटऱ्यांमध्ये येते, ५९ आणि ७९ युनिटच्या. हॅरियरच्या बॅटऱ्या ६५ आणि ७५ युनिटच्या आहेत. सरकारमान्य चाचणीचा आकडा पाहिला तर मोठ्या बॅटरीच्या एक्सईव्हीला ६५६ किलोमीटर आणि मोठ्या बॅटरीच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या हॅरियरला ६२७ किलोमीटर मिळतात. लहान बॅटरीत हेच आकडे ५४२ आणि ५३८ आहेत. म्हणजे मोठ्या बॅटरीत एकोणतीस किलोमीटरचा फरक आणि लहान बॅटरीत चारचा. शोरूममध्ये या एकोणतीस किलोमीटरवर बरंच बोललं जाईल. तुम्ही त्यात अडकू नका.

कारण तो आकडा ठरावीक चाचणीचा आहे, समृद्धी महामार्गाचा नाही. वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलात, की वेग दीडपट होतो, पण रोध सव्वादोनपट होतो. पेट्रोलच्या गाडीतही हे घडतंच, फक्त तिथे ते पंपावरच्या बिलात लपून जातं; विजेच्या गाडीत ते समोरच्या पडद्यावर दिसतं. माझा साधा ठोकताळा असा आहे : या आकाराच्या गाडीला संमिश्र रस्त्यावर एका युनिटमागे सहा किलोमीटर धरा आणि सलग ताशी १२० ने गेलात तर साडेचार-पाच धरा. पूर्ण भरलेली बॅटरी पंधरा टक्क्यांपर्यंत वापरायची असा नियम ठेवला, तर संमिश्र रस्त्यावर दोन्ही मोठ्या बॅटऱ्या पावणेचारशे ते चारशे किलोमीटर नेतील. महामार्गावर हाच आकडा तीनशेच्या घरात येईल. म्हणून ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर नागपूरहून मुंबईकडे निघालात, तर दोन्ही गाड्यांना वाटेत थांबावंच लागेल. पुण्याहून कोल्हापूरला मात्र दोन्ही एका दमात जातील आणि काही बॅटरी शिल्लक राहील.

घाटाचं वेगळं सांगायला हवं. बोरघाट चढताना टक्के भराभर उतरतात आणि नवखा चालक घाबरतो. पण तोच घाट उतरताना मोटर उलट काम करते, गाडीचा वेग रोखता रोखता वीज तयार करते आणि काही टक्के परत मिळतात. सगळे मिळत नाहीत, पण ब्रेक तापवून वाया जाणारी ऊर्जा काही प्रमाणात बॅटरीत येते. ट्रायल घेताना ही गोष्ट मुद्दाम अनुभवा.

आता चार्जिंग. निर्णय खऱ्या अर्थाने इथे होतो. एक्सईव्हीची मोठी बॅटरी १७५ किलोवॉटपर्यंतच्या चार्जरवर २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर २० मिनिटांत जाते, असं कंपनी सांगते. हॅरियर १२० किलोवॉटपर्यंत वीज घेते आणि त्याच कामाला २५ मिनिटं लावते. पण गाडी कितीही घेऊ शकत असली तरी स्टेशन जेवढी देईल तेवढीच वीज मिळते. हमरस्त्यावर साठ किलोवॉटचा चार्जर मिळाला, तर दोन्ही गाड्यांना पाऊण तासाहून थोडा जास्तच वेळ लागेल. आणि एकाच चार्जरच्या दोन गनांवर दोन गाड्या लागल्या, तर बहुतेक ठिकाणी वीज विभागली जाते. तेव्हा ज्या रस्त्याने तुम्ही नेहमी जाता, त्या रस्त्यावरचे चार्जर किती किलोवॉटचे आहेत ते आधी जाऊन बघा. तिथे १८० किलोवॉटची स्टेशनं असतील, तर एक्सईव्हीचा वेग तुमच्या कामाचा आहे. नसतील, तर त्या वेगाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

घरच्या चार्जिंगबद्दल गैरसमज फार आहेत. रोज पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला रोज आठ-नऊ युनिट लागतात. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर हे काम तीन-साडेतीन तासांत होतं. आठवड्यातून एकदा पूर्ण बॅटरी भरायची असेल, तर मात्र ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर हवा. रात्रभरात, म्हणजे साधारण अकरा-बारा तासांत, तो रिकामी बॅटरी पूर्ण भरतो. एक्सईव्हीसाठी ११.२ किलोवॉटचाही चार्जर मिळतो, पण त्याला थ्री फेज जोडणी लागते. तुमच्या मीटरचा मंजूर भार किती आहे, मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कशी जाईल, अर्थिंग नीट आहे का, या गोष्टी वायरमनला दाखवून घ्या. सोसायटीत राहत असाल तर समितीची लेखी संमती गाडी बुक करण्याआधी घ्या. महावितरणच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे. गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं, तर घरचं बिल वरच्या टप्प्यात जात नाही.

पैशाचा हिशोबही याच्याशीच बांधलेला आहे. वर्षाला १५,००० किलोमीटर धरा. लिटरला १४ किलोमीटर देणारी डिझेलची मोठी गाडी, डिझेल ९० रुपये धरून, वर्षाला सुमारे ९६,००० रुपयांचं इंधन पिते. विजेची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, सुमारे २,७५० युनिट घेईल. घरी दहा रुपये दराने ते साडेसत्तावीस हजार होतात. हीच वीज कायम बाहेरच्या फास्ट चार्जरवर वीस-बावीस रुपयांनी घेतली, तर खर्च दुपटीवर जातो आणि बचत निम्म्याच्या आसपास येते. शिवाय दर वेळी तिथे थांबण्याचा वेळ वेगळाच. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात विजेच्या प्रवासी गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफीची तरतूद आहे. नेहमी मुंबई-पुणे करणाऱ्याला ती रक्कमही लहान नाही.

मग या दोघींत खरा फरक कुठे आहे? तीन ठिकाणी.

पहिला फरक चाकांचा. एक्सईव्हीची मोटर मागे आहे आणि ती मागची चाकं फिरवते. हॅरियर तशीही मिळते, पण तिचा एक प्रकार दोन मोटरींचा आहे, पुढे एक आणि मागे एक, चारही चाकांना जोर देणारा. त्याचा टॉर्क ५०४ न्यूटन-मीटर आहे. कोकणातल्या घराकडे जाणारी पावसाळ्यातली चिखलाची चढण, शेतावरची निसरडी वाट, जांभ्या दगडाचा उखडलेला रस्ता, अशा ठिकाणी एका चाकाची पकड सुटली तरी दुसरी चाकं गाडी ओढून काढतात. शिवाय हॅरियरमधून बाहेरची उपकरणं चालवण्याइतकी वीज काढता येते. ज्याच्या शेतावर वीज वेळेवर नसते, त्याच्यासाठी ही सोय रात्रीच्या दिव्यांची आणि लहानसहान अवजारांची गरज भागवते.

दुसरा फरक जागेचा. एक्सईव्हीची लांबी ४,७८९ मिलिमीटर आणि हॅरियरची ४,६०७. ही अठरा सेंटिमीटर सामानाच्या जागेत दिसतात. एक्सईव्हीची डिकी ६६३ लिटरची आहे, पुढे बॉनेटखाली आणखी १५० लिटर. हॅरियरची डिकी ५०२ लिटरची आणि पुढे ६७ लिटर. दोन मोटरींच्या प्रकारात पुढची जागा ३५ लिटरवर येते. लग्नकार्याला चार-पाच जण बॅगांसह निघणाऱ्या घराला हा फरक जाणवेल. पण जुन्या इमारतीच्या आखूड पार्किंगमध्ये हीच अठरा सेंटिमीटर अडचणीची ठरतील. टेप घेऊन पार्किंग मोजा. एक्सईव्हीचं छप्पर मागे उतरतं आहे, हॅरियरचं सरळ आहे. म्हणून घरातल्या सर्वांत उंच माणसाला आणि सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या सीटवर अर्धा तास बसवून बघा. त्यांचा शब्द शेवटचा माना.

तिसरा फरक किमतीच्या रचनेचा. बाजारात आल्या तेव्हा हॅरियरची एक्स-शोरूम किंमत २१ लाख ४९ हजारांपासून होती आणि एक्सईव्हीची २१ लाख ९० हजारांपासून. सुरुवातीचा फरक किरकोळ होता. पण हॅरियरमध्ये मोठी बॅटरी २४ लाख ९९ हजारांपासून मिळाली आणि चारही चाकांचा प्रकार २८ लाख ९९ हजारांना. एक्सईव्हीची मोठी बॅटरी सुरुवातीला फक्त सर्वांत वरच्या प्रकारात होती, ३० लाख ५० हजारांना. भिंतीवरच्या चार्जरचे पैसे दोन्हीकडे वेगळे पडतात. म्हणून आजच्या किमतीचं कोटेशन घेताना एकाच बॅटरीचे, एकाच सोयींचे प्रकार समोरासमोर ठेवा. खालच्या प्रकाराची वरच्या प्रकाराशी तुलना करू नका.

पडद्यांबद्दल थोडक्यात. एक्सईव्हीत १२.३ इंचांचे तीन पडदे मिळतात, हॅरियरमध्ये १४.५ इंचांचा एक मोठा. पहिल्या आठवड्यात ते फार आवडतात. नंतर रोज उपयोगी पडतं ते तुमच्या गावापासूनचं सर्व्हिस सेंटरचं अंतर. बुकिंगच्या आधी त्या सेंटरमध्ये जा. उच्च दाबाच्या बॅटरीवर काम करायला शिकलेले किती जण आहेत, सॉफ्टवेअर बिघडलं तर गाडी किती दिवस ठेवून घेता आणि तोवर दुसरी गाडी देता का, हे विचारा. ट्रायल एसी लावून, घरचे सगळे बसवून, खराब रस्त्यावर घ्या. शोरूमभोवतीच्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान चालतात.

आता निकाल. ज्यांचा प्रवास मुख्यतः चांगल्या महामार्गांवर होतो, घर मोठं आहे, सामान जास्त आहे, पार्किंग ऐसपैस आहे आणि वाटेत जलद चार्जर आहेत, त्यांनी एक्सईव्ही नाइन-ई घ्यावी. ज्यांचं गाव घाटापलीकडे आहे, शेत आहे, पावसाळ्यात कच्चा रस्ता चुकत नाही, किंवा ज्यांना मोठी बॅटरी कमी पैशात हवी आहे, त्यांनी हॅरियर ईव्ही घ्यावी. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांचे रस्ते शहर, महामार्ग आणि गावाकडची वाट असे मिश्र असतात. अशा घरासाठी माझं मत हॅरियरच्या मोठ्या बॅटरीला आहे.

आणि ज्यांच्याकडे रात्री गाडी लावायच्या जागी विजेचा पॉइंट नाही, त्यांनी आज यांपैकी कोणतीच गाडी बुक करू नये. आधी सोसायटीच्या पुढच्या सभेत चार्जिंगचा विषय मांडा, ठराव करून घ्या, केबल टाकून घ्या. गाडीचं बुकिंग त्यानंतर करा.