दोन वर्षांचा घोडा आणि पुढल्या सालची डर्बी



घोड्याची पारख हा विषय महाराष्ट्राला परका नाही. ज्या मुलखात शिलेदाराची पत त्याच्या मांडीखालच्या जनावरावरून ठरे, आणि सरकारी पागेतून कोणते घोडे वाट्याला येते यावर बारगिराचे प्राण अवलंबून असत, त्या मुलखात दात, खूर, छाती आणि विशेषतः अंगावरचे भोवरे पाहून घोड्याचे, आणि त्याबरोबर धन्याचेही, भवितव्य सांगणारे जाणकार गावोगाव असावेत, यात नवल ते काय? चारी पाय आणि मुख पांढरे असलेल्या पंचकल्याणीला आपल्याकडे मान. इंग्लंडातल्या जुन्या लोकांचा समज मात्र असा की चारी पाय पांढरे असलेला घोडा घेऊच नये, आणि तरीही १९३३ ची डर्बी जिंकणारा हायपेरियन नेमका चारी पायांनी पांढरा होता. भोवऱ्यांचे शास्त्र खरे की खोटे या वादात मी आज शिरत नाही. परंतु त्या जुन्या जाणकाराला एक मोठी सोय होती. त्याच्यापुढे उभा केलेला घोडा बहुधा वाढ पुरी झालेला असे. मला ज्या पारखीविषयी बोलायचे आहे ती याहून पुष्कळ बिकट आहे. ऑक्टोबर महिन्यात, हाडे अजून पुरती न भरलेल्या दोन वर्षांच्या घोड्याकडे पाहून, तो पुढल्या जूनमध्ये डर्बीत, एप्समच्या दीड मैलावर, काय करील याचा अजमास बांधणे, ही ती पारख.

इंग्लंडातील ज्या पाच शर्यतींना ‘क्लासिक’ म्हणतात, त्यांपैकी डॉन्कस्टरची सेंट लेजर १७७६ सालची, एप्समच्या ओक्स आणि डर्बी अनुक्रमे १७७९ व १७८० सालच्या, आणि न्यूमार्केटच्या दोन गिनी शर्यती १८०९ व १८१४ सालच्या. पाचही शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी राखलेल्या, त्यामुळे कोणत्याही घोड्याच्या आयुष्यात ती संधी एकदाच येते. त्यातही गंमत अशी की वयाची गणना १ जानेवारीपासून होत असल्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेले शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू ही दप्तरी एकाच वयाची मानली जातात. हायपेरियनचा जन्म १८ एप्रिल १९३० चा, आणि तीन वर्षांचा झाला तेव्हाही खांद्याशी त्याची उंची सुमारे साडेएकसष्ट इंच, म्हणजे डर्बीच्या घोड्यांत तो तट्टूच म्हणायचा. जन्मतारीख न पाहता दोन कोवळ्या घोड्यांची तुलना करणारा परीक्षक पहिल्याच पायरीवर घसरतो, असे माझे मत आहे.

आता ऑक्टोबरमध्ये परीक्षकाच्या हाती असते तरी काय? जूनमध्ये ॲस्कटला झालेली कॉव्हेन्ट्री स्टेक्स, सप्टेंबरात डॉन्कस्टरची शॅम्पेन स्टेक्स, शरदात न्यूमार्केटच्या मिडल पार्क आणि ड्युहर्स्ट स्टेक्स, अशा काही मातबर शर्यतींचे निकाल असतात. पण या शर्यती बहुतेक पाच, सहा किंवा सात फर्लांगांच्या, आणि डर्बी बारा फर्लांगांची. पूर्वी हंगाम संपला की जॉकी क्लबचा हँडिकॅपर ‘फ्री हँडिकॅप’ नावाची यादी प्रसिद्ध करीत असे. तीत सालभरात धावलेल्या दोन वर्षांच्या उत्तम घोड्यांना असे वजन नेमून दिलेले असे की ते पाठीवर घेऊन सगळे एकदम धावले तर, निदान कागदावर, सगळे एकाच वेळी पोहोचावेत. ज्याच्या पाठीवर सर्वांत जास्त वजन तो त्या सालचा श्रेष्ठ घोडा. ही यादी अत्यंत प्रामाणिकपणे आणि बारकाईने केलेली असे, आणि जे झाले त्याचा तिच्याइतका विश्वसनीय दाखला दुसरा नसे. घोटाळा होई तो यादी वाचणाऱ्यांकडून. हँडिकॅपर गेल्या उन्हाळ्याचा हिशेब देई आणि लोक तो पुढल्या उन्हाळ्याचे भविष्य म्हणून वाचत. हिवाळाभर त्या भविष्यावर पैसे लागत राहत, आणि मे महिना उजाडेपर्यंत एखाद्या घोड्याला डर्बीचा ‘फेव्हरिट’ हा किताब जणू सनदेने मिळालेला असे.

१९४६ सालचा टुडर मिन्स्ट्रेल हे याचे असे उदाहरण आहे की त्यापुढे दुसरे शोधण्याचे कारण पडू नये. फ्रेड डार्लिंगसारखा नाणावलेला ट्रेनर, पाठीवर गॉर्डन रिचर्ड्स, दोन वर्षांचा असताना चार शर्यती आणि चारही जिंकलेल्या, त्यांत कॉव्हेन्ट्री स्टेक्स. पुढल्या वसंतात न्यूमार्केटच्या सरळ मैलावर त्याने टू थाउजंड गिनीज आठ लांबींनी जिंकली, आणि मग त्या घोड्याविषयी शंका घेणे हेच अरसिकपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. डर्बीच्या दिवशी त्याचा भाव सातास चार होता. म्हणजे सात रुपये लावावेत तेव्हा चार मिळावेत. एप्समचा मार्ग आधी चढतो, मग उतरतो, टॅटनहॅमच्या कोपऱ्याला डावीकडे वळतो आणि शेवटच्या सरळ भागातही एका बाजूला कललेला असतो. त्या मार्गावर हा घोडा पहिल्यापासून लगाम तोडू पाहत होता आणि रिचर्ड्स त्याला आवरू पाहत होता; दोघांची शक्ती एकमेकांशी झुंजण्यातच गेली. चाळीसास एक या भावाचा पर्ल डायव्हर हा फ्रेंच घोडा पहिला आला, आगाखानांचा मिगोली दुसरा, बडोद्याच्या महाराजांचा सयाजीराव तिसरा, आणि टुडर मिन्स्ट्रेल चौथा.

या निकालानंतर घोड्याला नावे ठेवणारे पुष्कळ निघाले, पण मला तो अन्याय वाटतो. एप्समनंतर थोड्याच दिवसांत ॲस्कटला एक मैलाची सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स त्याने जिंकली. आणि एक्लिप्स स्टेक्समध्ये, जिचे अंतर मैलाहून दोन फर्लांग अधिक, त्याला मिगोलीने मागे टाकले. म्हणजे हँडिकॅपर बरोबर होता, ट्रेनर बरोबर होता, मैलावर त्या सालात त्याला तोड नव्हती. चुकला तो मैलाच्या पराक्रमाला दीड मैलाचा पराक्रम समजणारा लोकमताचा हिशेब.

मग अंतराचा अंदाज करावा कशावरून? पुष्कळजण वंशावळीकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यही आहे, परंतु वंशावळ ही अशी साक्षीदार आहे की तिला विचाराल तसे ती उत्तर देते. टुडर मिन्स्ट्रेलचा बाप ओवेन टुडर १९४१ च्या डर्बीचा विजेता, आईचा बाप सॅन्सोव्हिनो १९२४ च्या डर्बीचा विजेता. एवढेच वाचणाऱ्याने निश्चिंत होऊन झोपावे. पण आईची आजी लेडी जोसेफीन वेगाच्या घराण्याची मूळ घोडी, आणि मुमताज महाल तिचीच मुलगी. त्या मुमताजला जॉर्ज लॅम्ब्टन यांनी आगाखानांसाठी ९,१०० गिनींना निवडले होते. दोन वर्षांची असताना तिच्या वेगापुढे कोणी टिकेना, आणि तीन वर्षांची झाल्यावर वन थाउजंड गिनीजच्या एका मैलावर तिला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. तरीही तिचाच नातू महमूद १९३६ ची डर्बी जिंकतो! तात्पर्य काढू पाहणाऱ्याची येथे चांगलीच तारांबळ उडते.

कागदापेक्षा प्रत्यक्ष जनावराकडे पाहणे मला नेहमीच अधिक फलदायी वाटत आले आहे, आणि ते कसे पाहावे हे पागेत आयुष्य घालवलेल्या माणसाकडूनच शिकावे. मोतद्दार लगाम सैल सोडून घोड्याला साध्या चालीने फिरवत असतो तेव्हा हा माणूस प्रथम मागून पाहतो, मग समोरून, आणि कुशीची बाजू शेवटी. पुढच्या खुराचा ठसा जेथे उमटला त्याच्या किती पुढे मागचा खूर पडतो, हे त्याला पाहायचे असते. चाल जितकी लांब आणि ढिली, तितकी धावेतली ढेंग सैल आणि कमी खर्चाची. खांदा तिरपा आहे की उभा. गुडघे बाजूने पाहिले असता मागे झुकलेले तर नाहीत, कारण झुकलेला गुडघा कठीण जमिनीवर दगा देतो. गुडघ्याखालची नळी आखूड आहे की नाही. खुरावरच्या सांध्याला लवचिकपणा किती. छाती खोल आहे की नुसतीच रुंद. एवढे झाल्यावर तो पुठ्ठ्यांकडे वळतो, आणि येथेच अनुभवी डोळा व हौशी डोळा यांत फरक पडतो. दोन वर्षांच्या वयात ज्याचे पुठ्ठे गोल भरलेले, मान जाड, अंग आवळलेले, असा घोडा हौशी माणसाला भुरळ घालतो, आणि अनुभवी माणूस मनात म्हणतो की याचे जे व्हायचे ते होऊन गेले. उलट जो अजून किडकिडीत, पाय लांब, मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच, म्हणजे वाढ अद्याप चालू असलेला, आणि अशा अर्धवट अंगानेही शेवटच्या फर्लांगात पुढच्यांचे अंतर तोडत येऊन तिसरा-चौथा राहिलेला, त्याचे नाव तो टिपून ठेवतो. कोकणात मोहोरावर आंब्याची बाग घेणारा व्यापारी पहिल्या बहराला भुलत नाही, तसाच हा प्रकार.

शर्यत संपल्यानंतरची दोन निरीक्षणे मात्र प्रेक्षकांना सहसा मिळत नाहीत. एक, खोगीर उतरवल्यावर घोड्याचा श्वास किती वेळात पूर्ववत होतो. आणि दुसरे, त्या रात्रीची चंदी त्याने पुरती खाल्ली की नाही. खरा ट्रेनर शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी गव्हाणीत हात घालून पाहतो. जिंकून उपाशी राहणारा घोडा आपल्या हिमतीबाहेरचे देऊन बसलेला असतो, आणि हिवाळाभर विश्रांती देऊनही ते देणे पुष्कळदा भरून येत नाही.

किमतीविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि येथे मराठी माणसाला जवळची वाटावी अशी हकीकत आहे. निआर्को आणि रोझी लेजंड यांचे एक शिंगरू लिलावात आणले गेले तेव्हा ३,५०० गिनींची राखीव किंमतही कोणी पुरी केली नाही, म्हणून मालकाने ते परत नेले. तोच दान्ते, १९४४ ची मिडल पार्क स्टेक्स आणि १९४५ ची डर्बी त्याने जिंकली. त्याच साली त्याचा सख्खा धाकटा भाऊ लिलावात आला, आणि बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी तो २८,००० गिनींना घेतला. रुपयाच्या त्या वेळच्या दराने ही रक्कम चार लाखांच्या घरात जाते, आणि एका वर्षाच्या शिंगराला तोपर्यंत इतका पैसा कोणी मोजला नव्हता. त्याचे नाव ठेवले सयाजीराव. थोरल्या भावाच्या पराक्रमाची किंमत धाकट्याच्या अंगावर चढवण्याचा हा प्रकार शहाणपणाचा नव्हता, असे म्हणणारे तेव्हाही होते, आणि थोरला लवकर पिकणारा व धाकटा सावकाश वाढणारा निघाल्यामुळे वर्षभर त्यांची सरशीही झाली. १९४७ मध्ये गिनीजला तिसरा, डर्बीला तिसरा; पण अंतर जसे वाढत गेले तसा हा घोडा वर येत गेला, आयरिश डर्बी त्याने जिंकली, आणि सप्टेंबरात पावणेदोन मैलांहून अधिक लांबीच्या सेंट लेजरमध्ये एडगर ब्रिटने त्याला आर्बारच्या केवळ डोक्याच्या अंतराने पुढे काढले. त्याच्या चार वर्षे आधी मुंबईत पहिली इंडियन डर्बी महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीवरून जिंकणारा जॉकी हाच. मुंबईच्या महालक्ष्मीची डर्बी फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते, म्हणजे एप्समपेक्षा आठ महिने अधिक वाढलेले जनावर तेथे उभे राहते. सावकाश पिकणाऱ्या घोड्याच्या दृष्टीने ही व्यवस्था मला इंग्लंडच्या व्यवस्थेपेक्षा अधिक न्यायाची वाटते.

बडोद्याच्या पागेला पुढल्याच वर्षी नाण्याची दुसरी बाजू पाहावी लागली. १९४७ च्या दोन वर्षांच्या घोड्यांत महाराजांचा माय बाबू श्रेष्ठ ठरला होता. शॅम्पेन स्टेक्स त्याच्या नावावर होती, आणि १९४८ ची टू थाउजंड गिनीज त्याने द कॉब्लरला डोक्याच्या अंतराने मागे टाकून जिंकली. डर्बीला तो फेव्हरिट म्हणून उतरला आणि टुडर मिन्स्ट्रेलसारखाच चौथा आला. पहिला माय लव्ह आणि दुसरा रॉयल ड्रेक, दोन्ही फ्रान्समध्ये तयार झालेले. माय लव्हचा निम्मा हिस्सा आगाखानांनी शर्यतीच्या थोडेच आधी विकत घेतला होता. माय लव्हचा बाप व्हाटेलोर, आणि आदल्या वर्षीच्या पर्ल डायव्हरचा बापही तोच. दोन वर्षे लागोपाठ एकाच वळूची अपत्ये एप्समला जिंकून गेली, आणि दोन्ही वेळा हिवाळाभर लोकांचे लक्ष सहा-सात फर्लांगांवरच्या वेगाकडे लागलेले होते. माय बाबू त्यानंतर पुन्हा एक मैलावर आणला गेला, आणि गुडवुडला ससेक्स स्टेक्स त्याने जिंकली.