‘थांबा’ म्हणणारी माणसं हवी आहेत



मी हैदराबादच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. आमच्याकडे रॉकेटला लागणारे भाग बनतात. वेल्डिंग केलेल्या जोडाचा एक्स-रे बघायचा, आत कुठे भेग किंवा हवेचा बुडबुडा नाही ना हे शोधायचं आणि मग सही करायची, हे माझं काम. शिक्षण म्हणाल, तर मेकॅनिकल डिप्लोमा.

शाळांमध्ये बोलायला गेले की मुलं विचारतात, “ताई, तुम्ही शास्त्रज्ञ आहात का?” मी नाही म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. अंतराळ म्हणजे फक्त अतिहुशार मुलांचं काम, असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. आज मला याच समजाबद्दल बोलायचंय.

19 ऑगस्ट 2013. श्रीहरिकोटा. जीएसएलव्ही रॉकेट उड्डाणासाठी उभं होतं. त्याआधी 2010 मध्ये जीएसएलव्हीची दोन उड्डाणं अयशस्वी झाली होती. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन अजून उड्डाणात यशस्वी व्हायचं होतं. देशाचं लक्ष लागलेलं. आणि उड्डाणाला 74 मिनिटं उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधनाची गळती होत असल्याचं दिसलं.

उड्डाण थांबवलं गेलं.

विचार करा, त्या क्षणी ‘थांबा’ म्हणणं किती जड गेलं असेल! पण रॉकेट खाली उतरवलं, दुसरा टप्पा नव्याने बांधला, त्याच्या टाकीचा मिश्रधातूही बदलला. 5 जानेवारी 2014 ला तेच रॉकेट उडालं आणि जीसॅट-14 उपग्रह कक्षेत पोचला. पुढे 30 जुलै 2025 ला निसार हा भारत-अमेरिकेचा संयुक्त उपग्रहही जीएसएलव्हीनेच नेला.

हा प्रसंग मला जवळचा वाटतो, कारण आमच्या कामात त्याची छोटी आवृत्ती नेहमी घडते. एकदा माल पाठवायला दोन दिवस उरले होते. फिल्मवर केसासारखी रेघ दिसली. वरिष्ठ म्हणाले, “फिल्मवरचा डाग असेल.” मी पुन्हा एक्स-रे काढायला लावला. रेघ तिथेच होती. जोड कापून परत वेल्ड करावा लागला, तारीख चुकली. आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पण तो भाग तसाच गेला असता तर?

म्हणून सांगते, या क्षेत्राला बुद्धी हवीच, पण त्याहून जास्त हवा खरा आकडा लिहिणारा हात.

आणि दारं एकापेक्षा जास्त आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीमध्ये जाता येतं. इंजिनिअर झाल्यावर इस्रोच्या भरतीतून जाता येतं. डिप्लोमावाल्यांसाठी तांत्रिक सहायकाची पदं निघतात, तर आयटीआय केलेल्या फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक यांच्यासाठी तंत्रज्ञाची. नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा ‘युविका’ कार्यक्रम आहे. 2020 नंतर खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुलं झालं. आमच्याच हैदराबादच्या स्कायरूटने 18 नोव्हेंबर 2022 ला विक्रम-एस हे रॉकेट उडवलं.

खोटी आशा दाखवणार नाही. जागा कमी असतात, स्पर्धा मोठी असते. टीव्हीवर टाळ्या वाजवताना दिसणाऱ्या खोलीत तुम्ही बहुतेक नसाल. एकाच जोडावर महिने जातील.

तरी यायचंय? मग आज घरी जाऊन एक काम करा. एक व्हर्निअर कॅलिपर मिळवा. एकाच नटाचं माप दहा वेळा घ्या आणि दहाही आकडे वहीत लिहा. एखादा आकडा वेगळा येईल. तो खोडायचा मोह होईल.

खोडू नका. तो वेगळा का आला, ते शोधा. आमच्या कामाची सुरुवात तिथूनच होते.